'राइट'चा रिकामा खण

१

खण रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे, चाटूनपुसून रिकामा. सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि कपाटाने थोबाडीत मारल्यासारखे आप्पा त्या खणासमोर उभे होते.

"भिंगताई, 'राइट' गेलं हो," ते म्हणाले. "सगळंच्या सगळं गेलं."

भिंगताई म्हणजे या छोट्या प्रकाशन-कचेरीत मुद्रितं तपासणाऱ्या बाई. गळ्यात भिंग अडकवून फिरायच्या, म्हणून हे नाव. आप्पा तिथले टंकलेखक, चोवीस वर्षांचे जुने, निवृत्तीला आठ महिने उरलेले.

आता त्या कपाटात होतं काय ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, चार कागद गेले तर एवढं काय आभाळ कोसळलं! पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्या माणसाला 'अंडर द टेबल' येतं, 'आफ्टर लंच' येतं. गाडी अडते ती त्याच्या पुढे बसणाऱ्या चिमुकल्या शब्दापाशी. 'राइट अंडर द टेबल' म्हणजे टेबलाच्या अगदी खाली. 'स्ट्रेट आफ्टर लंच' म्हणजे जेवल्या जेवल्या. 'वेल बिफोर द बेल' म्हणजे घंटेच्या चांगलं आधी, आणि 'हाफवे अप द स्टेअर्स' म्हणजे अर्ध्या जिन्यात. यातला कुठला शब्द कुणापुढे शोभतो आणि कुणापुढे शोभत नाही, हे कळायला दुकानात, थांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर इंग्रजी बोलणारी माणसंच ऐकावी लागतात. म्हणून या शब्दांचं पुस्तक करायला ही मंडळी एकोणीस वर्षं कान टवकारून गावभर हिंडत होती. वाक्य कानावर पडलं की कार्डावर लिहायचं, काय ऐकलं, कुठे आणि कुणाच्या तोंडून. नियम एकच, मनाचं काही लिहायचं नाही. प्रत्येक शब्दाला एक खण, आणि प्रत्येक खणाला एक मालक. 'राइट'चे मालक होते मामा.

मामा म्हणजे मुख्य संपादक. भिंगताईंचे सख्खे मामा, पण कचेरीत सगळेच त्यांना मामा म्हणत. या कामाचं वेड त्यांचंच, आणि भिंगताईंना या धंद्यात आणलं तेही त्यांनीच. ते पलीकडे आपल्या टेबलाशी खाली मान घालून लिहीत बसले होते.

तेवढ्यात व्यवस्थापक बाई आल्या. यांना सगळे मॅडम म्हणत, आणि तोंडावर तरी मान देऊन म्हणत. त्यांनी खण पाहिला, मामांकडे पाठ करून आप्पांसमोर उभ्या राहिल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," आप्पा म्हणाले. "पण दिवसभर कपाट उघडंच..."

"आज चार वाजता पुस्तक तपासायला तपासनीस बाई येतायत. तोवर कार्डं जागेवर आली नाहीत तर तुम्ही उद्यापासून यायचं नाही. आणि मी पोलिसांत तक्रार देणार, ती तुमच्या नावाने."

 भिंगताईंनी आप्पांचा हात धरला आणि खुर्चीत बसवलं.

"चार वाजेपर्यंत वेळ आहे ना? मग मला विचारू द्या," त्या म्हणाल्या.

२

चौकशी करायची भिंगताईंची रीत त्यांच्या कामातूनच आली होती. वेळ आणि जागा कुणीही सांगतं. जेवणानंतर, जिन्यात, दाराशी. पण जेवणानंतर म्हणजे लगेच की बऱ्याच वेळाने? जिन्यात म्हणजे खालच्या पायरीवर की पार वर? त्या तेवढ्याच चिमुकल्या शब्दाला धरून बसायच्या.

"आप्पा, काल कपाटाचं काही वेगळं झालं होतं का?"

"झालं होतं हो!" आप्पा एकदम सावरून बसले. "खण किंचाळला होता. काल दुपारी."

ही किंकाळी कचेरीत प्रसिद्ध होती. दोन वर्षांपूर्वी रंगकामासाठी कपाट हलवलं, तेव्हापासून 'राइट'चा खण बिघडला. अर्धा ओढला तर काही नाही. पण शेवटची वीतभर ओढला की असा किंचाळायचा की दात आंबावेत. मागची कार्डं काढायची तर पूर्ण ओढण्याला इलाज नव्हता. मग आप्पांनीच युक्ती काढली, खालून दोन बोटांनी उचलून धरायचा, की मुकाट बाहेर येतो. कार्डांच्या मागच्या मोजणीला ही युक्ती कुणाला ठाऊक नव्हती, तेव्हा सगळ्यांनी कानात बोटं घातली होती. फक्त मामा शेजारी बसून शांतपणे लिहीत होते. "याला म्हणतात समाधी," त्यांचे मित्र मास्तर म्हणाले होते, आणि सगळे हसले होते.

"काल किंचाळला तो केव्हा? एकच्या आधी की नंतर?"

"एकचा ठोका पडल्या पडल्या. मी बोळातल्या नळावर डबा विसळत होतो. म्हटलं, असेल कुणीतरी."

मॅडमना विचारलं तर त्या फणकारल्या. "मी केबिनमध्ये फोनवर होते. त्या किंकाळीने समोरचा माणूस दचकला. म्हटलं, आप्पाच असणार, दुसरं कोण?"

"एकच्या सुमाराला?"

"एकला. लगेच नंतर."

"तुमचं फोनवरचं बोलणं आप्पांना ऐकू येत होतं का?"

"नळावर? सगळं येत असणार. माझा आवाज काय लहान आहे का?" मॅडम म्हणाल्या. एवढं मात्र त्यांनी अगदी खरं सांगितलं.

मग आले मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले. हे 'जस्ट'च्या खणाचे मालक आणि मामांचे जुने भांडकुदळ मित्र. कुठलं वाक्य कुठल्या खणात जावं यावरून दोघांचं अठरा वर्षं वाजत होतं.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचार," ते म्हणाले. "काल एकचा ठोका पडला तेव्हा मी अर्ध्या जिन्यात होतो, गुडघ्याला हात लावून. वर नळाशी आप्पा डबा विसळताना दिसत होते. आणि तेवढ्यात ते पिशाच्च किंचाळलं. मग वर येऊन मी आप्पांशी पाच-सात मिनिटं गप्पा मारल्या. आत गेलो तेव्हा तुझे मामा टेबलाशी बसले होते."

"एकटेच?"

"एकटेच. म्हटलं, आज ऐकायला बाहेर गेला नाहीस का? तर म्हणे, पाय दुखतायत."

भिंगताईंनी मनात हिशेब मांडला. किंकाळीच्या क्षणी आप्पा नळाशी, मास्तरांनी पाहिलेले. मास्तर जिन्यात. मॅडम फोनवर, बोळापर्यंत ऐकू येतील अशा. त्या स्वतः छापखान्यात होत्या, दोनला परतल्या. राहिले मामा. पण मामांचा विचारही त्यांनी मनात टिकू दिला नाही. स्वतःच्या लेकराला कुणी पळवतं का? मामांनी चोर पाहिला असणार, एवढंच.

त्या मामांसमोर खुर्ची ओढून बसल्या. मामांनी नेहमीसारखी मान वर केली आणि थेट त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघावं, हे मामांचं आवडतं सांगणं होतं.

"मामा, काल एकनंतर तू इथेच होतास ना? काही ऐकलंस?"

"इथेच होतो, पोरी," मामा म्हणाले. "कोणी आलं नाही. काही आवाज नाही, काही नाही. अगदी शांत होतं."

भिंतीपलीकडच्या तिघांनी ऐकलेली किंकाळी, आणि खणापासून चार हातांवर बसलेला माणूस म्हणत होता, शांत होतं.

३

भिंगताई उठल्या.  मामा खोटं बोलतायत, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते मानायला जीव तयार नव्हता. बारा वाजून गेले होते. आप्पा आपल्या टेबलाचा खण उपसून जुनी पेनं, औषधाच्या गोळ्या आणि मुलीच्या लग्नातला एक फोटो पिशवीत भरू लागले होते.

"अहो आप्पा, आत्तापासून काय!"

"घाई नको मागाहून," आप्पा म्हणाले. "चोर म्हणून सगळ्यांसमोर सामान आवरणं जमायचं नाही मला."

काहीतरी करायला हवं म्हणून भिंगताईंनी मोजणीची वही काढली. निदान किती कार्डं गेली आणि ती न्यायला केवढी पिशवी लागली असेल, ते तरी कळेल. 'राइट'समोर मामांच्याच अक्षरात आकडा होता, साडेसहाशे.

एवढी कार्डं किती जागा खातात? अंदाज घ्यायला त्यांनी शेजारचा 'जस्ट'चा खण ओढला. त्याच मापाचा खण, पण इतका गच्च भरलेला की बोट शिरेना. वहीत बघितलं तर 'जस्ट'ची कार्डं फक्त चारशे दहा. 'स्ट्रेट'चा खण बघितला. तोही गच्च. त्यात तीनशे नव्वद.

मग 'राइट'च्या खणात साडेसहाशे मावली तरी कशी?

त्यांनी 'जस्ट'मधलं एक कार्ड काढून भिंगाखाली धरलं आणि कारण समजलं. एकोणीस वर्षांपूर्वी छापखान्यातल्या माणसाने पहिल्याच गठ्ठ्याचं माप चुकवलं होतं. कार्ड सदऱ्याच्या खिशापेक्षा बोटभर लांब. पुढे तेच माप चालू राहिलं आणि ज्याने त्याने कार्ड मधोमध दुमडून खिशात घालायची सवय लावून घेतली. रस्त्यात ऐकायचं, लिहायचं, दुमडायचं, खिशात. कचेरीत येऊन ते उलगडलं तरी मधे पोट फुगलेलंच राहायचं. असली चारशे पोटं झाली की खण भरला. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट होती की तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

भिंगताईंना आठवलं, मागच्या आठवड्यात एका शंकेसाठी त्यांनी 'राइट'मधलं एक कार्ड मागून घेतलं होतं. ते मुद्रितांच्या चळतीत असणार. त्यांनी चळत उपसली. कार्ड सापडलं. वर लिहिलं होतं, 'राइट नेक्स्ट टू द विंडो', म्हणजे खिडकीला अगदी लागून. औषधाच्या दुकानात, काउंटरवरची बाई. अक्षर मामांचं, शाईचं, सुरेख.

कार्डाला घडी नव्हती. हे कार्ड कधी कुठल्या खिशात गेलंच नव्हतं.

४

आता सगळं एकेक करून जागेवर बसू लागलं, आणि भिंगताईंना वाटत होतं, बसू नये.

परवा पत्र आलं होतं. हे पुस्तक शाळांना लावायचं की नाही ते ठरवायला तपासनीस बाई येणार होत्या. त्या नुसतं पुस्तक चाळणार नव्हत्या. प्रत्येक खणातून वीस-वीस कार्डं उचलणार आणि त्या त्या दुकानात, दवाखान्यात जाऊन विचारणार, की बाई, तुम्ही असं बोलता का? ते पत्र वाचून मास्तर खूश झाले होते. मामा काहीच बोलले नव्हते.

म्हणजे खणातली निम्म्याहून जास्त कार्डं टेबलाशी बसून लिहिलेली होती. ज्या माणसाने 'मनाचं काही लिहायचं नाही' हा नियम घातला, त्यानेच! का?

आणि चोरी करायची तर खण किंचाळत का ओढला? आप्पा, मास्तर, मॅडम, तिघांनाही युक्ती ठाऊक होती. दोन बोटं लावली की काम फत्ते. भर दुपारी, बोळात माणसं असताना, चोर अख्ख्या कचेरीला ओरडून सांगतो का, की या, मी चोरी करतोय? असं एकच माणूस करेल. ज्याला खण किंचाळतो हेच माहीत नाही.

मोजणीच्या दिवशीची ती समाधी त्यांना आठवली. मग एकेक गोष्ट आठवत गेली. मामा फोन उचलत नाहीत, म्हणतात फोनने माणूस उथळ होतो. मागून हाक मारली तर ओ देत नाहीत, आपण म्हणतो कामात गढलेत. माणसाच्या तोंडाकडे बघावं, हे सांगणं कधीपासूनचं? फार जुनं नव्हतं ते. दोन वर्षांचं.

आणि सकाळी मॅडम आप्पांना धमकी देत होत्या, तेव्हा त्यांची पाठ कुणाकडे होती?

भिंगताईंनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

५

त्या कपाटाच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मामा पाठमोरे बसून लिहीत होते. पायाखाली कोऱ्या कार्डांचं पुठ्ठ्याचं खोकं होतं. भिंगताई त्यांच्या मागे, खिडकीशी उभ्या राहिल्या.

"मामा," त्या चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, "आप्पांची नोकरी चालली."

मामांचं पेन चालूच राहिलं.

"मामा, तुझ्यामुळे त्या माणसाला पोलिसांत देतायत."

मामांनी ओळ संपवली, शाईवर फुंकर मारली आणि पुढची ओळ सुरू केली. भिंगताईंना रडूच फुटलं. आईच्या मागे ज्याने आपल्याला सांभाळलं, तो माणूस दोन वर्षं असा एकटा बसून होता, आणि आपण गळ्यात भिंग घेऊन मिरवत होतो! त्यांना स्वतःचाच राग आला.

त्यांनी टेबलावरचं एक कोरं कार्ड ओढलं आणि लिहिलं. 'कार्डं मिळाली नाहीत तर चार वाजता आप्पांना काढणार आहेत. चोर म्हणून.' ते मामांपुढे ठेवलं.

मामांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"आप्पांना? आप्पांना का? कोण म्हणालं असं?"

"सकाळी मॅडम म्हणाल्या. इथेच, तुझ्यासमोर," भिंगताई समोर येऊन म्हणाल्या. "तुझ्याकडे पाठ होती त्यांची."

मामांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पायाखालचं खोकं पुढे सरकवलं. वरचे दोन गठ्ठे कोरे होते, आणि खाली 'राइट'ची हरवलेली कार्डं.

"फेकवली नाहीत," ते म्हणाले. "अडीचशे खरी आहेत गं त्यात. बाकीची..." त्यांनी हात हलवला. "आधी डावा कान गेला. मग उजवा. समोरचा बोलला तर ओठांवरून कळतं मला. पण आपले हे शब्द ओठांवर दिसतच नाहीत, पोरी. 'राइट', 'जस्ट'. लोक घाईत गिळून टाकतात. मी रोज दुपारी बाहेर जायचो, बाकावर बसायचो, लोकांची तोंडं हलताना बघायचो आणि परत यायचो. आता कोण काय बोलेल ते मला ठाऊकच होतं. चाळीस वर्षं ऐकलंय मी. तेच लिहीत गेलो."

"आणि आम्हाला नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. ज्या कचेरीचा धंदाच कान, तिचा मुख्य बहिरा! मला वाटलं, खण हरवला म्हणून दोन दिवस ओरडा होईल, 'राइट'चं प्रकरण मागे पडेल, पुस्तक बाकीच्यांच्या कार्डांवर तरेल. कुणाच्या गळ्याला फास लागेल हे मनातसुद्धा आलं नाही. देवाशप्पथ नाही आलं."

"ते मला कळलं," भिंगताई म्हणाल्या. "चोर शहाणा असता तर म्हणाला असता, हो, ऐकली किंकाळी, कुणीतरी पळताना दिसलं. तू म्हणालास, शांत होतं."

"किंकाळी? कसली किंकाळी?"

भिंगताईंनी सांगितलं. मामांनी त्या खणाकडे पाहिलं, आणि इतक्या दुःखातही त्यांना ओशाळं हसू आलं. "दोन वर्षं किंचाळतोय? आणि मला कुणी बोललंही नाही?"

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. मॅडमचा आदबशीर आवाज आला, "या, या, असं इकडून." चारला पाच मिनिटं कमी होती.

भिंगताईंच्या मनात एक विचार येऊन गेला, तो लपवण्यात अर्थ नाही. खोकं इथेच आहे. अडीचशे खरी कार्डं तेवढी खणात लावायची, खोटी खोक्यातच राहू द्यायची, हरवली होती, सापडली म्हणायचं. आप्पा सुटतील, मामाही सुटतील. त्यांनी खोक्याकडे हात नेलासुद्धा.

पण मामा उठले होते. त्यांनी खोकं स्वतः उचललं, छातीशी धरलं आणि दार उघडून बाहेर गेले.

"ही कार्डं मी काढली," ते तपासनीस बाईंच्या तोंडाकडे बघत म्हणाले. "यातली चारशे खोटी आहेत. मला ऐकू येत नाही. आप्पांचा याच्याशी काडीचा संबंध नाही."

 मास्तर भिंतीला टेकले. मामा मात्र खोकं खाली ठेवून आप्पांकडे गेले, त्यांच्या खांद्याची पिशवी काढून घेतली, आणि त्यातला लग्नाचा फोटो परत त्यांच्या टेबलावर ठेवला.

"आप्पा," ते म्हणाले, "माफी मागायलाही तोंड नाही मला."

 आप्पांनी फोटो उचलून जरासा सरळ केला.

६

तपासनीस बाईंनी बाकीचे खण तपासले आणि 'राइट'ची कार्डं पुन्हा गोळा करायला वर्षभराची मुदत दिली. मॅडमनी आप्पांची माफी मागितली, ती मात्र भलत्याच लहान आवाजात. मामांनी मुख्य संपादकाची खुर्ची मास्तरांना दिली. मास्तर त्यात चार दिवस बसले, पाचव्या दिवशी म्हणाले, भांडायला समोर कोणी नसेल तर मला हे काम जमायचं नाही. मग दोघांची टेबलं समोरासमोर लावली. आता मास्तर मामांशी तोंड मोठ्ठं करून भांडतात.

आप्पा रोज येत होते, टाइप करत होते. मामांशी मात्र चकार शब्द नाही. मामांनी चहा पुढे केला तर घ्यायचे, पण बघायचे दुसरीकडे. भिंगताईंनी मध्ये पडायचा प्रयत्न केला नाही. ज्याच्या नावाला चोर शब्द चिकटला, त्याला किती दिवस लागतील ते दुसऱ्याने ठरवू नये.

तीन आठवड्यांनी, कचेरी सुटल्यावर, तिघं जिना उतरत होते. दिवा गेला होता. मामा पुढे होते, कठडा चाचपत, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्यांच्या पाठीमागे आप्पा, आणि सगळ्यात वर भिंगताई. खालून कुणी आलं असतं तर मामांना कळलंही नसतं. अर्ध्या जिन्यात त्यांचा पाय अडखळला. आप्पांनी मागून हात पुढे केला, त्यांच्या काखेत घातला, आणि चोवीस वर्षं इंग्रजी टाइप करून करून जे तोंडात बसलं होतं ते अंधारात बोलून गेले.

"गो ऑन, मामा. आय अॅम राइट बिहाइंड यू."

मामांना अर्थातच ऐकू आलं नाही. भिंगताईंना आलं. रस्त्यावरच्या दिव्याखाली पोहोचल्यावर त्यांनी एक कार्ड काढलं, त्यावर ते वाक्य लिहिलं, कुठे ऐकलं ते लिहिलं, कुणाच्या तोंडून ते लिहिलं. मधोमध घडी घालून मामांच्या सदऱ्याच्या खिशात सरकवलं.

मामांनी ते तिथेच काढलं, उलगडलं आणि दिव्याकडे धरून वाचलं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. आप्पा अगदी पाठीमागेच उभे होते.